अठरा महिने आणि सहा महिने

बडोद्याच्या मराठी घरांत हल्ली एक वाद हमखास रंगतो. मुलगा-सून अमेरिकेत, नातवंड लहान. आजी-आजोबांनी दर वर्षी सहा महिने तिकडे जाऊन राहावं की नाही? एक पक्ष म्हणतो, हे कर्तव्यच. दुसरा म्हणतो, जन्मभर घरासाठी राबलात, आता गरुडेश्वर-नारेश्वर करा, चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा करा. अमेरिकेतल्या युटा राज्यात बसून हा वाद ऐकताना गंमत वाटते, कारण इथली त्याच वयाची जोडपी नेमकी उलट दिशेला निघतात. नातवंडं मागे ठेवून, पदरचे पैसे घालून, चर्चच्या कामाला.

हे चर्च म्हणजे सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेलं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. (आपण मॉर्मन म्हणतो, 2018 पासून चर्चला ते नाव नको आहे.) काळा बिल्ला लावून जोडीने फिरणारी विशीतली मुलं सगळ्यांना ठाऊक असतात, निवृत्त नवरा-बायकोचं मिशन, म्हणजे चर्चसाठी ठराविक मुदतीची सेवा, फारसं ठाऊक नसतं. मुदत 6, 12, 18 किंवा 23 महिने. आधी बिशपची (स्थानिक मंडळीच्या प्रमुखाची) मुलाखत, मग अशा अनेक मंडळ्यांचा मिळून जो स्टेक होतो त्याच्या अध्यक्षांची, शिवाय डॉक्टर आणि दंतवैद्य दोघांचे तपासणीचे फॉर्म. दाढेचं काम राहिलं असेल तर ते निघण्याआधी उरकायचं. आवड कळवता येते, पण गाव चर्च ठरवतं. खर्च स्वतःचा, परदेशी जाणाऱ्या जोडप्याच्या राहण्याच्या जागेच्या खर्चावर 2011 मध्ये महिना 1,400 डॉलरची मर्यादा घातली गेली, ती दिलासा म्हणून.

तिथे बहुतेक जोडपी दारं ठोठावत नाहीत. कचेरीतलं काम असतं: तरुण मिशनरींच्या खोल्यांचे भाडेकरार, वीजबिलं, गाड्यांचे टायर आणि ऑइल, टपाल. खोल्यांची तपासणीही बरेचदा यांच्याकडेच. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघायचा, न्हाणीघरातली बुरशी दाखवून द्यायची. बंद खोलीत गॅसचा हीटर बिघडला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. पोरं झोपेतच जातील, म्हणून अलार्मची बॅटरी काढून रिमोटला लावणाऱ्याची खरडपट्टी निघते. तरुणांना कडक वेळापत्रक असतं, ज्येष्ठ आपलं आपण ठरवतात.

खरी धांदल मागे ठेवलेल्या घराची. युटाच्या हिवाळ्यात रिकाम्या घरात पाणी गोठून पाइप फुटतात. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद, नळ उघडून पाणी काढून टाकायचं आणि हीटिंग 55 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 13 सेल्सिअसवर, चालू ठेवायचं. तरीही घर 30 किंवा 60 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर अनेक विमा पॉलिसी हात आखडतात, तेव्हा भाडेकरू किंवा भाचा बघावा लागतो. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, परदेशात जवळजवळ निरुपयोगी, म्हणून चर्चची आरोग्य योजना घ्यायची. किमान 12 महिन्यांच्या परदेशी सेवेला सवलत आहे, पण एरवी हप्ता वाचवायला मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांच्या बिलांचा भाग) सोडला तर दर पूर्ण 12 महिन्यांमागे 10 टक्के दंड, तोही बहुधा जन्मभर.

बडोद्याहून निघणाऱ्यांची यादीही एवढीच लांब, फक्त ती कुणी लिहीत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत आय-94 या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख ठरवते, एरवी सहा महिने. पाहुण्यांच्या विम्यात जुना मधुमेह, जुनं हृदयाचं दुखणं सहसा बसत नाही, आणि हे कळतं ते इस्पितळात. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. तो चुकला की पेन्शन अडते, तेव्हा परदेशातून कसा द्यायचा ते निघण्याआधीच बघावं. गॅसचा व्हॉल्व्ह, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी, आषाढात गच्चीच्या मोरीत अडकणारा पाला: किल्ली शेजारी दिली म्हणजे हे सगळं दिलं असं होत नाही.

आणि कामाचे तास? इथल्या जोडप्याला निघण्याआधी मुदत, काम आणि पैसे कुणाचे, तिन्ही माहीत असतात. आजीला मात्र सकाळी सातच्या डब्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत कुठली वेळ आपली हे कुणी सांगत नाही. गाडी चालवता येत नाही, म्हणजे देऊळसुद्धा मुलाच्या शनिवारवर.

मिशनचं सगळं उचलावं असं मुळीच नाही. ते शेवटी धर्मप्रसारासाठीच आहे, आणि धर्मांतरावर निर्बंध घालणारा 2003 चा कायदा व त्याची 2021 ची दुरुस्ती असलेल्या गुजरातेत मिशनरी शब्दावर भुवया का उंचावतात, हे बडोदेकरांना सांगायला नको. ज्याच्याकडे पैसा आणि धड गुडघे आहेत तोच जाऊ शकतो. मधल्या काळात जन्मलेलं नातवंड पडद्यावर बघावं लागतं, त्याचं दुःख इथल्या आज्यांनाही होतंच.

पण कर्तव्य की मोकळीक, या बडोद्याच्या वादात मला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, कारण दोघंही अटींबद्दल बोलत नाहीत. तिकीट काढण्याआधी फोनवर चार गोष्टी ठरवा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यातले कोणते दोन दिवस सुट्टी, विम्याचा हप्ता कोण भरणार, ताप आला तर बाळाकडे कोण बघणार. फोन मुलाने आजोबांना नको, आजीला करावा. आणि ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नये.