टाचणी ठेवा बाजूला, आधी कानातलं रबर बघा

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: इअरबडचं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय, काही महिन्यांत ‘मरतं’, कारण कंपन्या अपडेट पाठवून ते मुद्दाम बिघडवतात. आवाज आपोआप कमी-जास्त व्हायला लागला, की चिप गेली समजा. उपाय म्हणजे टाचणीने जाळी मोकळी करा, सॅनिटायझरचे दोन थेंब टाका, रिसेट मारा. आणि शेवटी इशारा, की या फीचरने कानाच्या पडद्यावर दाब येऊन बहिरेपण येतं.

यातली टाचणीची ओळ वाचून माझ्या मावशीने उजव्या बडची जाळी टोचली. म्हणून हे लिहायला बसलो.

मावशीची तक्रार साधी होती. “अरे, लोकलचा घरघराट डाव्या कानात येतो, उजव्यात नाही.” म्हणजे बिघाड होता डाव्या बाजूला, आणि ‘दोन्ही साफ करायला सांगितलंय’ म्हणून तिने सुरुवात केली ती चांगल्या बडपासून. मी डाव्या बडचं कानात बसणारं टोकाचं रबर काढून खिडकीशी धरलं. आतल्या कडेला मेणाचं पिवळट कडं जमलेलं, आणि रबर मधल्या मापाचं. तिचा डावा कान उजव्यापेक्षा जरा अरुंद आहे, त्यामुळे ते आत नीट बसतच नव्हतं. डब्यात आलेलं लहान रबर लावलं आणि घरघराट गेला. उजव्या बडची जाळी मात्र आत दबली होती. त्यातून खरखर यायला लागली. सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली, नवा बड विकत घ्यावा लागला.

आता ‘मरतं’ या शब्दाबद्दल. नॉइज कॅन्सलेशन म्हणजे बडमधले माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि स्पीकर त्याच्या उलट लहर सोडतो; दोन्ही एकमेकींना खोडतात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग यांना अमेरिकेत तिचं पेटंट 1936 मध्ये मिळालं. पण उलट लहर अगदी वेळेवर पोचावी लागते. पंख्याच्या किंवा इंजिनाच्या 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनं) घुमण्याची एक लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिथे हे जमतं. 3000 हर्ट्झच्या किंचाळीची लहर जेमतेम अकरा सेंटीमीटर, तिथे किंचित उशीर झाला तरी हिशेब चुकतो. त्यामुळे हॉर्न, भांड्याचा खणखणाट, शेजारच्या बाईंचं बोलणं पहिल्या दिवसापासूनच ऐकू येतं. ते अडवायचं काम रबराचं आहे, आणि रबर सैल असेल तर घुमणारा आवाजही फटीतून आत शिरतो.

तपासायचं कसं? चालू पंख्याखाली बसा, नॉइज कॅन्सलेशन लावा आणि बड बोटाने हळूच आत दाबून धरा. घुमणं कमी झालं तर चिप ठीक आहे, रबराचं माप बदला. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये फिट तपासायची सोयही असते. आणि एकच बड घालत असाल तर आधी सेटिंग बघा. काही मॉडेलांत एका कानावर नॉइज कॅन्सलेशन आपोआप बंद होतं.

आवाज आपोआप बदलतो, हा तर बिघाड नव्हेच. ॲपलने 2023 मध्ये आयओएस 17 या आयफोनच्या प्रणालीसोबत आपल्या दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्स प्रो इअरबडना ॲडॅप्टिव्ह ऑडिओ दिलं, इतर कंपन्यांकडेही अशा सोयी आहेत. भोवतालच्या गोंगाटाप्रमाणे बड स्वतःच ठरवतो, किती अडवायचं आणि किती आत सोडायचं. शिवाय तुम्ही बोलायला लागलात, की गाण्याचा आवाज खाली आणणारं वेगळं सेटिंग असतं. गाण्याबरोबर गुणगुणलात तरी ते फसतं. नको असेल तर तेवढंच बंद करा.

कंपन्या अपडेटने मुद्दाम मारतात, याचा पुरावा मेसेजमध्ये कुठेच नाही. खरे बिघाड मात्र होतात. ऑक्टोबर 2020 पूर्वी बनलेल्या काही एअरपॉड्स प्रोमध्ये खरखर येणं, बाहेरचा आवाज वाढणं, बेस (खालच्या पट्टीतला आवाज) कमी होणं असे दोष असल्याचं ॲपलने स्वतः मान्य केलं आणि ते बड फुकट बदलून दिले. म्हणजे दोष यंत्रात असेल तर उपयोगी पडते ती वॉरंटी, आणि मेसेजमधला पहिलाच उपाय तिच्यावर पाणी सोडायला लावतो.

जाळीत सॅनिटायझर सोडू नका. द्रव आत उतरला तर माइक आणि स्पीकर दोन्ही बिघडू शकतात. जाळी खाली धरून मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. रबर काढून साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

बहिरेपणाची भीती सगळ्यांत उलटी आहे. काहींना कान दडपल्यासारखे वाटतात हे खरं, पण पडद्यावर हवेचा जास्तीचा दाब येत नाही. खालच्या पट्टीतले आवाज अचानक गेले की मेंदूला तसं भासतं. त्रास होत असेल तर पातळी कमी करा. कानाला खरा धोका मोठ्या आवाजाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबल फक्त 4 तास. लोकलच्या डब्यात गोंगाटावर मात करायला माणूस आवाज वाढवतच नेतो. गोंगाट कमी झाला तर तीच गाणी अर्ध्या आवाजात ऐकू येतात. या भीतीने फीचर बंद करून आवाज चढवणाऱ्यांचेच कान जास्त धोक्यात आहेत.

राहिला रिसेट. त्याने नुकसान नाही, पण मेण काही निघत नाही. रबर बदललं, जाळी झाडली, सेटिंग बघितलं आणि तरी फरक नाही, तर रिसेट करा. त्यानेही भागलं नाही तर बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा, जाळी शाबूत असतानाच.