झाड स्वस्तात कापून घेण्याची रीत

वळवाचा पहिला पाऊस झाला, शेजारच्या सोसायटीतला गुलमोहोर कोणाच्या तरी गाडीवर आडवा झाला, आणि तुमच्या कमिटीला आपल्याही आवारात झाड असल्याचा शोध लागला. अभिनंदन. आता ते स्वस्तात कसं कापून घ्यायचं, ते मी सांगतो. सतरा वर्षं झाडांवर चढून पोट भरतोय, पण यातलं खरं शिक्षण मला गेल्या पंधरवड्यात पुण्यातल्या सहकारनगरच्या एका सोसायटीनं दिलं.

आधी एका जाणकाराला पाहणीला बोलवा. फुकट. त्याला दीड तास उन्हात फिरवा, बुंध्यावर लाकडी हातोडी मारून पोकळ कुठे वाजतंय ते ऐकू द्या. कुठली फांदी वाळलीय, कुठली नुसती टोकाला हलकी करायचीय, सगळं कागदावर लिहून घ्या. मग त्या कागदाचा फोटो काढून फांद्या तोडून लाकूड नेणाऱ्या टेम्पोवाल्याला पाठवा आणि विचारा, "हेच कितीत करशील?"

परवानगीचं कोणी काढलं तर विषय बदला. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं, कसलीही इजा करणं सगळं येतं. झाड पन्नास वर्षांच्या पुढचं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनं ते वारसा वृक्ष ठरतं. पण पालिकेच्या उद्यान विभागाला रविवारी सुट्टी असते. टेम्पोवाल्यालाही हे पाठ आहे, तुम्ही सांगायची गरज नाही.

मे महिन्यात घरटी असतात. वर बघू नका.

आता कोटेशन. मी अठ्ठावीस हजार सांगितले. मीटिंगमध्ये हशा. "अहो, फांद्याच तर तोडायच्यात!" तुम्हीही असंच म्हणा, फार परिणामकारक वाक्य आहे. समोरचा हिशेब मांडायला लागला की मोबाइलमध्ये बघा. तरी मांडतोच. चढणारे दोघे, दोन हजार रोज. खाली तिघे, नऊशे रोज. दोन दिवसांचे झाले तेरा हजार चारशे. टेम्पोच्या चार खेपा, सहा हजार. करवतीचं पेट्रोल, तेल, साखळ्या सोळाशे. विमा आणि दोर-हार्नेसची झीज तीन हजार. दोराला एक खोल काप बसला की तो दोर बाद, नवा आणायचा, कारण त्याला माणूस लटकणार असतो. राहिले चार हजार, ते माझे. त्यातच परवानगीच्या अर्जाचे हेलपाटे आणि 'जरा येऊन बघून जाता का' वाल्या सगळ्या फेऱ्या. हे ऐकून सेक्रेटरीकाका म्हणाले, "म्हणजे चार तर सहज सोडू शकता."

टेम्पोवाला नऊ हजारांत आला, लाकूड त्याचं. इथे कमिटीला वाटतं आपण बाजी मारली. अहो, त्याचा धंदा तुमच्या नऊ हजारांवर नाही, वखारीवर चालतो! वाळक्या काटकीला वखारीत कोण विचारतो? त्यामुळे ज्या वाळलेल्या फांदीसाठी तुम्ही त्याला बोलावलंत ती शेंड्याकडे तशीच राहते, आणि मांडीएवढ्या जाड, हिरव्यागार, धडधाकट फांद्या टेम्पोत जातात. तुम्ही त्याला पैसे देऊन स्वतःचं लाकूड विकलंत. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटं वाद घालणारी माणसं ही!

आणि सांगताना 'छाटणी' हा शब्द वापरू नका. 'बोडकं करा' म्हणा. दर बोडकं करण्याचा स्वस्त असतो. एका हंगामात हिरव्या फांद्यांचा चौथा हिस्सासुद्धा काढू नये, असं आम्ही लोक उगाच म्हणतो. शेंडा उडवला की पावसाळ्यात त्याच खुंटावर झाडूसारखे धुमारे फुटतात. त्यांची पकड आतल्या लाकडात नसते, नुसती वरवरची असते. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि वादळात पहिले तेच येतात. खाली तुमचीच गाडी. शिवाय मोठी फांदी आधी खालून थोडी कापतात, मग वरून, आणि उरलेला खुंट बुडाशी जी फुगीर वळी असते ती शाबूत ठेवून काढतात. तीन काप. टेम्पोवाल्याकडे एकच काप असतो. फांदी आपल्या वजनानं खाली जाताना खोडाची साल उभी सोलून नेते. तुमच्या पर्जन्यवृक्षाची चार फूट गेलीय. जाऊन बघा, लिफ्टच्या बाजूनं दिसते.

जखमेवर डांबर फासा. झाडाला उपयोग नाही, पण कमिटीला काही तरी केल्यासारखं वाटतं.

या बोडकं करण्याला बी विंगमधल्या काकूंचं पहिलं अनुमोदन होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये नदीकाठची झाडं वाचवायला पुण्यात चिपको झालं, तेव्हा त्या माझ्या शेजारी फलक धरून उभ्या होत्या. माझं कार्ड त्यांनी तिथेच घेतलं, म्हणून तर हे काम माझ्याकडे आलं. नदीकाठच्या झाडाचा पाला काकूंच्या पार्किंगमध्ये पडत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

रविवारी सकाळी दहाला काकांचा फोन. फांदी विजेच्या तारेत अडकलीय, जरा या. गेलो. वीज बंद केलेली नव्हती. टेम्पोवाला खाली फोनवर बोलत होता आणि वर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, अठरा-एकोणीसचा पोरगा फांदीला मिठी मारून बसला होता. स्लीपर बुंध्याशी नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. कमरेला कोयता. दोर नाही. म्हणजे दोर होता, पण तो कापायच्या फांदीला बांधलेला होता, खालच्या ॲक्टिव्हावर पडू नये म्हणून.

ॲक्टिव्हाला दोर होता. पोराला नव्हता.

ती गाडी बाजूला घ्यायला कोणाला सुचलं नाही? चाळीस घरं आहात. निम्मी खिडकीत उभी राहून व्हिडिओ काढत होती. एकानं तरी 'खाली उतर रे बाळा' म्हणायचं होतं. वीज बंद करून घेतली, माझ्या दोरावर त्याला उतरवलं, तेव्हा त्याचे गुडघे थरथरत होते आणि काकांनी विचारलं, "आज पूर्ण होईल ना काम?" लाज वाटली नाही? एकोणीस हजार वाचवलेत तुम्ही. घरटी पावणेपाचशे. पावणेपाचशे रुपयांसाठी कोणाचं तरी पोर तारेशेजारी टांगून ठेवलंत!

घासाघीस करू नका असं मी म्हणत नाही. करा. पालापाचोळा आवारातच खड्डा करून कुजवा, टेम्पोच्या दोन खेपा वाचतील, तीन हजार कमी करतो. खाली उचलाउचल करायला तुमचे दोन माळी द्या, तेवढी मजुरी वजा. पण दोराचे आणि विम्याचे पैसे सोडणार नाही, आणि चढणाऱ्याचा रोज कापणार नाही.

काकांनी निघताना विचारलं होतं, "आलाच आहात तर उरलेलं काढून द्या की, निम्मं तर झालंय." कोटेशन काल पाठवलंय. बत्तीस हजार. चार वाढलेत, कारण आता दोर अडकवायला वर धड फांदीच उरलेली नाही, लिफ्टची गाडी आणावी लागेल.