पिचकारी भरताना पाठ कुणाकडे करावी

पिचकारीच्या वेष्टनावर एक मुलगा असतो. तो हसत असतो, पूर्ण कोरडा असतो, आणि त्याच्या पिचकारीतून निघालेली धार वेष्टनाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचलेली असते. खाली ठळक अक्षरांत मारा किती मीटर ते छापलेलं असतं. या मुलालाही कधीतरी बादलीवर वाकून दट्ट्या ओढावा लागत असेल, त्या वेळी त्याच्या पाठीचं काय होत असेल, याचा वेष्टनावर मागमूस नसतो. माझं स्पष्ट मत आहे की चित्र त्या क्षणाचं छापावं.

हे मत सुखासुखी तयार झालेलं नाही. सुट्टीत भाचेमंडळी जमली की आमच्याकडे पाण्याची लढाई होते. लढाईत पिचकाऱ्या मोडतात, मग रडारड होते. यंदा बहीण म्हणाली, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना? मग नीट तपासून सांग कुठल्या घ्यायच्या ते." मी पुलांच्या कागदांवर सह्या करतो. पण बहिणीच्या लेखी इंजिनिअर हा इंजिनिअर असतो, त्याला मिक्सरही दाखवता येतो. चार-पाच जातींच्या पिचकाऱ्या, एक बादली, एक मोजपट्टी आणि निरीक्षक म्हणून दोन भाचे असा सरंजाम माझ्यापुढे आला.

बॅटरीच्या आणि हवा भरायच्या बंदुका आमच्याकडे बाद आहेत, कारण त्या ज्याच्याकडे असतील तोच जिंकतो. लॉनी जॉन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९८२ मध्ये उष्णता-पंपाचा प्रयोग म्हणून घरच्या बाथरूममधल्या नळाला एक तोटी जोडली, तिच्यातून जोरात धार सुटली, आणि त्यातून पुढे हवेच्या दाबावर चालणारी 'सुपर सोकर' ही पाण्याची बंदूक जन्माला आली. त्याला बाथरूममध्ये निवांत प्रयोग करता आले. माझ्या बाथरूमच्या दाराबाहेर निरीक्षक उभे होते.

तर साधी पिचकारी. एक नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला रबरी वायसर, पुढे भोक. ज्या भोकातून पाणी आत घ्यायचं त्याच भोकातून बाहेर मारायचं. यात तपासायचं ते काय, असं मलाही वाटलं होतं.

मोठा भाचा म्हणाला, "मामा, सगळ्यात जाड ती सगळ्यात भारी." हा गैरसमज लहानांचाच आहे असं नाही. ४ सेंटिमीटर व्यासाची, ४० सेंटिमीटर ओढता येणारी नळी साधारण अर्धा लिटर पाणी घेते. व्यास दुप्पट केला की तेवढ्याच लांबीत दोन लिटर मावतात. इथवर मुलं खूश असतात. पण हाताचा जोर तेवढाच, आणि तो आता चौपट क्षेत्रफळावर वाटला जातो. म्हणजे दाब पाव. दाब पाव झाला की धारेचा वेग निम्मा, आणि अंतर, हवेचा अडथळा सोडून दिला तरी, पुन्हा पाव. हे मी मातीत काडीने लिहून दाखवलं. भाच्याने ऐकून घेतलं, जाड पिचकारी उचलली, दोन किलो पाणी सावरत नेम धरला आणि स्वतःच्या बुटांत मारा केला.

अशा अवजड पिचकाऱ्यांनी एके काळी खरोखरच्या आगी विझवत असत. १६६६ मध्ये लंडन जळालं तेव्हा लोकांच्या हाती पितळी पिचकाऱ्या होत्या. दोघांनी नळी धरायची, तिसऱ्याने दट्ट्या रेटायचा. शहर बरंचसं जळालं. त्या तिघांपैकी नळी भरताना कोण काय बोललं असेल, याची मला आता पुरेपूर कल्पना आहे.

कारण खरा छळ भरण्यात आहे. ढकलताना तुमच्या दंडात असेल तेवढा जोर लावा, पाणी ऐकतं. ओढताना तसं नाही. दट्ट्या मागे घेतला की आपण पाणी खेचतो असं वाटतं, पण पाण्याला आत ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचा दाब ठरलेला. ४ सेंटिमीटरच्या नळीत तो जेमतेम १३ किलोंचा जोर भरतो. तुम्ही पैलवान असलात तरी हवा त्याहून एक ग्रॅम जास्त लावणार नाही. शिवाय ते सगळं पाणी ४ मिलिमीटरच्या भोकातून यायचं. अर्धा लिटर भरायला कागदावरसुद्धा तीन सेकंदांच्या आसपास लागतात. प्रत्यक्षात घर्षण, घाई आणि ओले हात धरले तर याच्या दुप्पट तरी धरा. घाईने हिसका दिलात तर आत नुसती पोकळी होते, वायसरच्या कडेने हवा शिरते, आणि मूठ सोडताच दट्ट्या आपणहून मागे फिरतो. सगळं करून नळीत निम्मं पाणी आणि निम्मी हवा. मग शत्रूकडे रोखून मारायला जावं, तर पिचकारी नुसती खोकते.

आणि या सगळ्या काळात तुम्ही बादलीवर वाकलेले असता. दोन्ही हात गुंतलेले, नजर पाण्यात, पाठ उघडी. धाकटी भाची हे माझ्याआधी ओळखून होती. ती बादलीपाशी कधी आधी जात नाही. समोरचा वाकला की ती शांतपणे येते, त्याच्या मानेत धार सोडते, आणि तो सरळ व्हायच्या आत स्वतःची भरून घेते. सहा वर्षांची आहे. पुढे काय होणार आहे कोण जाणे.

तेव्हापासून मी अंतर मोजणं जवळजवळ सोडून दिलं. तेवढ्यासाठी भोक बघितलं की पुरे. पाच भोकांची तोटी दिसायला रुबाबदार, पण पाच बारीक धारा एका जाड धारेपेक्षा लवकर फुटतात. पाण्याचा पृष्ठताण धारेला आवळून तिचे थेंब करतो. याचं गणित लॉर्ड रॅली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलंय. आणि बारीक थेंबाला हवा लगेच अडवते. लांबवर मारायचं तर एकच भोक, जरा मोठं, आणि कोन ४५ अंशांहून थोडा खाली. पाच भोकांची घ्यायची असेल तर कुंड्यांसाठी घ्या.

गळतीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. स्वस्तातल्या पिचकारीत वायसर सैल असतो, आणि पुढे ढकललेल्या पाण्यातला काही भाग मागच्या बाजूने तुमच्या बाहीत परत येतो. घट्ट असतो तिथे कोरडा दट्ट्या असा किंचाळतो की शत्रूला तुमचा ठावठिकाणा लागतो. यावर बायकोने पेट्रोलियम जेली पुढे केली. नैसर्गिक रबर असेल तर ती लावू नये, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावावं. हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं गीझर गळत होता तेव्हा सांगितलं असतंस तर?" या प्रश्नाचा पिचकारीशी संबंध नसल्यामुळे मी पुढच्या चाचणीकडे वळलो.

पुढची चाचणी मागच्या झाकणाची. काही पिचकाऱ्यांत ते नुसतं दाबून बसवलेलं असतं. जोरात ओढलं की झाकण, दट्ट्या आणि वायसर असे तिघे एकदम तुमच्या हातात येतात, कोपर मागे उभ्या असलेल्याच्या पोटात जातं, आणि नळी बादलीत तरंगत राहते. मागे निरीक्षक उभा होता. त्याने नोंदवहीत 'नापास' लिहिलं; पिचकारीपुढे की माझ्यापुढे ते दाखवलं नाही. आटे असलेलं झाकणच घ्यावं. आटे असले की वाळूचा कण शिरल्यावर उघडून धुताही येतं, नाहीतर तो कण नळीला आतून ओरखडे काढत बसतो आणि मग कुठलाच वायसर पुरत नाही. फोम गुंडाळलेली नळी डोक्यात बसली तर कमी लागते, एवढ्यासाठी तिला दोन गुण जास्त. मुलं त्या फोमचे लचके तोडतात, त्याचा एक गुण कमी.

शेवटी मध्यम जाडीची, एका भोकाची, आट्यांच्या झाकणाची अशी निवड मी जाहीर केली. सगळ्यांना एकसारखी. कोणी आभार मानले नाहीत, कारण तोवर बादलीचा तह सुरू झाला होता. वाकलेल्यावर मारा करायचा नाही, असं पहिलं कलम. ते मंजूर होताच मधला भाचा बादलीपाशी जो वाकला तो वाकलेलाच राहिला, आणि भरलेल्या पिचकारीने तिथूनच सगळ्यांना टिपू लागला. मग कलम सुधारलं : दट्ट्या पूर्ण बाहेर आला की संरक्षण संपलं. पूर्ण म्हणजे किती, यावर अजून एकमत नाही. प्रत्येक दांड्यावर लाल खूण करायचं काम माझ्याकडे आलं आहे. खूण दोन बोटं अलीकडे करावी असं सुचवायला धाकटी भाची एकटीच येऊन गेली, आणि जाताना टेबलावर चॉकलेट ठेवून गेली. चॉकलेट चांगलं होतं.