लोणारले जाऊ, पन रोडगे घेऊन

संक्रांतीच्या दिवशी पोरगा तिळगूळ खाता खाता म्हणाला, "बाबा, लोणार आपल्यापासून चाळीस किलोमीटर, अन् मी ते फक्त पुस्तकात पाह्यलं." मला लाज वाटली. कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका पालथी करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : रविवार, सकाळी ६, माणसं ४, पाणी ८ लिटर. त्या पत्रिकेवर खाडाखोड नसलेली तेवढीच एक ओळ.

संध्याकाळी काकू आल्या. "तुमी लोणारले अन् आमी का घरी म्हशी धुवाव?" चाराचे सात झाले. जावईबापू फोनवर सहज म्हणाले, "आम्ही येऊ शकतो." अकरा.

मग तारीख. पहिल्या रविवारी तूर सोंगायची होती. दुसऱ्या आठवड्यात शेतातली लाईन दिवसाची आली. वर्षभर रात्री बारानंतर टॉर्च घेऊन पाणी देणारा माणूस दिवसाची लाईन सोडून विवर पाहायला जाईल काय? तिसऱ्या रविवारी कापूस वेचायला बाया मिळाल्या, आणि आमच्याकडे बाया मिळणं हा उल्का पडण्याइतकाच दुर्मिळ योग. असं करत करत मार्चचा मध्य उजाडला. त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी दहालाच डोक्याला दुपट्टा लागतो. आईनं प्रत्येकाच्या खिशात ठेवायला अकरा कांदे मोजून काढले.

पोरानं घरात वर्ग घेतला. उल्का आदळली, काळ्या बेसॉल्ट खडकात खड्डा पडला, रुंदी साधारण १.८ किलोमीटर. आईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिथं लवणासुर राहत होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं. दोघांचाही मुद्दा एकच होता, वरून काहीतरी जोरात आलं. वहिनीला मात्र २०२० च्या जूनसारखं गुलाबी पाणी हवं होतं. ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं होतं, आता तसं नाही, म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग काहून चाललो आपण?"

माझ्या बाबांनी खोली विचारली. काठापासून तळ्यापर्यंत चारशेच्या वर फूट. त्यांनी बोटं मोजली. "म्हंजे आपल्या आठ विहिरी, एकावर एक."

मी म्हटलं, "पण उतरायला सोपं आहे, बाबा."

"विहिरीत बादलीबी सुखानं उतरते. दोर वढतानी घाम निघते."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. तळ्याचं पाणी खारट आणि सोड्यासारखं, म्हणजे पिण्याचं घरूनच न्यायचं. आठ लिटरचे बावीस झाले. वीस लिटरचा कॅन जावयानं उचलायचा नाही, बाबांच्या गुडघ्याला पट्टा, पोरगा मार्गदर्शक. राहिलो मी. कॅनचं झाकण सैल होतं. रात्री उचलून पाहिला तर पाणी मानेवरून थेट पाठीत गेलं. म्हटलं, चला, सराव झाला.

खरं महाभारत रोडग्यांचं, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांचं. काकूंच्या मते घराबाहेर जेवायचं म्हणजे रोडगे, वांग्याची भाजी अन् वरण, तेही तिथंच गोवऱ्यांवर भाजून. मी म्हटलं, ते अभयारण्य आहे, विस्तव चालत नाही. "रोडग्याले कोन विस्तव म्हंते? आर म्हंते." शेवटी तिखट पुऱ्या आणि ठेचा ठरला. निदान मला तसं वाटलं.

सहाची गाडी सव्वाआठला हलली. काठावर पोचलो तेव्हा उन्हाचा चटका बसत होता आणि खाली हिरव्या झाडीच्या कड्यात तळं गप्प पडलं होतं. अकरा माणसं पहिल्यांदाच एकदम चूप झाली. मग वहिनी म्हणाली, "फोटोत येते तेवढंच हाये." खाली पाच जण उतरलो, कमळजा देवीपर्यंत गेलो. वर येताना बाबांची बादली प्रत्येक वळणावर आठवली. कॅन मी खाली जाताना वाहिला, वर आणताना तो रिकामा होता, तरी जड लागला.

गाडीशी आलो तर मागच्या सीटखाली खताचं पोतं. त्यातून गोवरीचा कोपरा डोकावत होता. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर नीट केला.

संध्याकाळी गोवऱ्या ऐंशी किलोमीटर फिरून आमच्याच शेतात, आंब्याखाली पेटल्या. रोडगे फोडून तूप सोडताना काकू म्हणाल्या, "थंडे करून नको खाऊ. तिथं खाल्ले असते तं अजून मजा आली असती."