आवाज येतोय, चित्र नाही. म्हणून पॅनल गेलं?

आज सकाळी भंगारवाल्याच्या गाड्यावर दोन टीव्ही शेजारी शेजारी बघितले. एक २१ इंची, ट्यूबचा. दुसरा ३२ इंची एलईडी, काचेवर एक चरा नाही. एलईडीवाल्यांना मेकॅनिकनं सांगितलं होतं, "पॅनल गेलं, नवाच घ्या." झालं काय होतं? तर म्हणे आवाज येत होता, चित्र नव्हतं.

अरे मग पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, गेलं हे कशावरून ठरवलं?

खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा, मोबाईलची बॅटरी काचेजवळ तिरपी मारा. आत माणसं पुसट हलताना दिसली की पॅनल शाबूत आहे, मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, तेवढा गेलाय. दोन मिनिटांचं काम. आत दोन-तीन पट्ट्या असतात, त्यावरचे एलईडी, म्हणजे बारीक दिवे, सिरीजमध्ये, एकामागोमाग एक जोडलेले. एक ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की सगळी माळ बंद. ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज देणारं सर्किट, व्होल्टेज चढवून बघतो, लोड मिळत नाही, प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःहून बंद होतो. चालू करताना क्षणभर उजेड येऊन जातो ना, ते हेच.

उपाय म्हणजे पट्ट्या बदलणं. आणि बदलायचा तर पूर्ण सेट. एकच एलईडी टाकला तर बाकीचे तितकेच थकलेले असतात, शिवाय पडद्यावर तिथं वेगळा डाग दिसतो. पट्टीवर छापलेला नंबर जुळवायचा, एलईडी ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे ते बघायचं. जोखीम एकाच ठिकाणी, काच उचलताना. कडेच्या त्या पातळ फिती ओढल्या गेल्या की उभ्या रेघा आल्याच, आणि मग पॅनल खरंच गेलं. म्हणून दोन माणसं पाहिजेत, खाली मऊ चादर पाहिजे, आणि घाई अजिबात नको. एवढा व्याप कोण करतो? "नवाच घ्या" म्हणायला काय लागतं!

गाड्यावरचा तो २१ इंची का टाकला होता माहितीय? मधोमध आडवी पांढरी रेघ. ट्यूबवाल्या मेकॅनिकला एवढं ऐकलं तरी पुरायचं. रेघ म्हणजे व्हर्टिकल सेक्शन, चित्र वर-खाली पसरवणारा भाग, बिघडलाय. आधी ब्राइटनेस कमी करायचा, नाहीतर काचेच्या आतला चमकणारा लेप, फॉस्फर, जळून तिथं कायमचा पट्टा उमटतो. मग व्हर्टिकल आयसीचे, म्हणजे त्या भागाच्या चिपचे, पाय बघायचे. आयसी तापतो, थंड होतो, सोल्डर सुटतं. पायांना नवीन सोल्डर दिलं की बऱ्याचदा चित्र उघडतंच. नाही उघडलं तर आयसीची सप्लाय मोजायची, शेजारचा वाळलेला कॅपॅसिटर बदलायचा, शेवटी आयसी. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसला तर पॉझिस्टर (चालू करताना ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारा पार्ट) गेलेला, नाहीतर कुणीतरी शेजारी स्पीकर ठेवलेला. लाईन ट्रान्झिस्टर (चित्र आडवं पसरवणाऱ्या भागाचा) शॉर्ट झाला तर तो काढून बी प्लसवर, म्हणजे टीव्हीच्या मुख्य डीसी सप्लायवर, १०० वॅटचा बल्ब लोड म्हणून लावायचा, ११०-११५ व्होल्ट स्थिर आले तरच नवा टाकायचा. नाहीतर नवा पण त्याच वाटेनं जातो.

हो, एलईडी वीज कमी खातो, मान्य. २९ इंची ट्यूब माडीवर चढवायला दोन गडी लागायचे, तेही मान्य. पुढं.

आपल्या मराठवाड्याला याचं जास्त लागायला पाहिजे. संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. तिथल्या पगारावर किती घरं उभी राहिली, किती पोरं सोल्डरिंग शिकून आपापल्या गावात दुकान टाकून बसली. याच कंपनीनं २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, परदेशातल्या कारखान्यांसकट. आणि २००७ सरता सरता जगात एलसीडीची (आजचे एलईडी टीव्ही त्याच जातीचे) विक्री ट्यूबच्या पुढं गेली! मधल्या मधे प्लाझ्मा येऊन गेला, तो तर आपल्याकडं कुणाला कळलाही नाही. २०१८ ला व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. दोष कुणाला द्यायचा? तंत्र बदलतं, त्याला कोण अडवणार. पण त्याच्यासोबत दुरुस्त करायची सवयही मोडीत काढली, त्याचा राग येतो.

बरं, मोडीत काढायचं तर नीट काढा की. भंगारवाल्यानं त्या २१ इंचीच्या नेकवर, ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेवर, थेट हातोडी घातली. योकच्या, म्हणजे मानेवरच्या कॉइलच्या, तांब्यासाठी! शेजारी लेकरं उभी. आत निर्वात पोकळी असते बाबा, काच कुठंही उडेल. मागच्या भागाच्या काचेत २० टक्क्यांच्या वर लेड ऑक्साइड असतं आणि ते तुकडे गेले नालीत. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर (रबरी टोपीखालचं टोक) २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात, टीव्ही बंद केल्यावरही चार्ज राहतो. ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावरून जी उघडी अर्थची तार जाते, तिला जोडलेला स्क्रू-ड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवून आधी डिस्चार्ज करायचा, दोन-चार मिनिटांनी परत एकदा, कारण चार्ज पुन्हा जमतो. मग मागच्या पिनांमधलं काचेचं बारीक टोक मोडून हवा हळूहळू आत सोडायची. हे ज्याला येत नाही त्यानं हात लावू नये, सरळ ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावं.

आणि एलईडीवाल्यांनो, आज घरी गेल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट बघा. शोरूममधून आला तसा १०० वर असेल. ६० वर आणा. आपला उन्हाळा ४२-४३ डिग्रीचा, त्यात पत्र्याची खोली, पट्ट्या त्यानंच जळतात. डोळ्यांना दोन दिवस अंधुक वाटेल, मग सवय होते.

कुणाचा आवाज येऊन चित्र येत नसेल तर फेकायच्या आधी मॉडेल नंबर कमेंटमध्ये टाका, कुठली पट्टी लागते ते सांगतो. फोटो मागच्या स्टिकरचा टाका, पुढच्या काळ्या काचेचा नको. त्यात फोटो काढणाराच दिसतो.