शेजारी उतरलेल्या परदेशी आईबापांची चौकशी कशी करावी

समजा, आंब्याच्या हंगामात तुमच्या शेजारच्या ‘निवास व न्याहारी’त एक इटालियन जोडपं उतरलं. सोबत नऊ वर्षांची बहीण आणि सहा वर्षांचा भाऊ. दोघंही आपल्यासारखीच सावळी आणि चक्क मराठीत भांडणारी. तर गोंधळून जाऊ नका. गुहागरात पर्यटक काही कमी आलेले नाहीत आणि त्यांना काय विचारायचं ते आपल्याला पाठ आहे: कुठून आलात, पगार किती, मुलं किती. इथं तिसऱ्या प्रश्नाला गाडी अडते, म्हणून हे थोडं मार्गदर्शन.

ही माणसं इथं का आली, ते आधी समजून घ्या. पोरं कायद्याने त्यांची झाली आहेत. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टातून निघायचा, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी काढतात. आदेशानंतर जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग व्हिसा. कागद मुंबईच्या कचेऱ्यांतून फिरत असताना हॉटेलच्या खोलीत पोरांना कोंडून ठेवण्यापेक्षा समुद्र बरा, म्हणून कोणीतरी त्यांना आपल्याकडे धाडलेलं असतं. चौघांना एकमेकांची सवय व्हावी, एवढाच त्यांचा इथला उद्योग. म्हणजे भरपूर मोकळा वेळ असलेली आणि पळून जाऊ न शकणारी माणसं. अशी संधी पुन्हा येत नाही.

गाठायचं ते सकाळी. तव्यावर घावणे पडत असतात, बाप ‘अजून हवंय?’ एवढं मराठी रात्रभर घोकून बसलेला असतो, आणि धाकटा पहिल्यांदाच स्वतःहून त्याच्या मांडीजवळ सरकलेला असतो. नेमकी ही वेळ साधून पडवीत शिरा. झोपाळ्यावर बसा. ‘ये रे बाबू इकडे’ म्हणून पोराला हाक मारा आणि विचारा, ‘हे लोक आवडतात का तुला? मारत नाहीत ना?’ आईबापांना मराठी येत नाही, तेव्हा संकोचाचं कारण नाही. पोरगं बावरून बहिणीच्या मागे लपलं की मान हलवून शेजारणीला सांगा, ‘बघितलंस? लळा नाही हो.’

मग मुख्य तपासाला लागा. यांचे खरे आईबाप कोण, कुठले, कोणाचे, हे कळल्याशिवाय उठायचं नाही. इथं दुभाषा लागेल. त्या नऊ वर्षांच्या पोरीला संस्थेत थोडं इटालियन शिकवलेलं असतं, तिलाच पुढे करा. ‘विचार गं बाय त्यांना, तुझी खरी आई कुठंय ते.’ दत्तकाच्या नोंदी गोपनीय असतात, पुढे अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःला आपलं मूळ शोधता येतं आणि तिऱ्हाइताला तो अधिकार नाही, हे सगळं खरं आहे. पण आपण तिऱ्हाईत कसे? आपलं कुंपण त्यांच्या कुंपणाला लागून आहे.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा केवढी मोठी आहे, हे पाहुण्यांना जरूर ऐकवा. झाशीचे नेवाळकर मूळचे आपल्या लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. गंगाधररावांनी १८५३ साली मरणाच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला, डलहौसीने त्याला वारस मानायचं नाकारलं आणि संस्थान गिळलं. श्रीवर्धनच्या भटांचे वंशज दुसरे बाजीराव, त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब. त्यांना पेन्शन नाकारली तीही याच साहेबाच्या कारकिर्दीत. डलहौसीचं नाव घेताना आवाज चढू द्या, झोपाळ्याच्या कड्या करकरू द्या. मग सोलकढीचा घोट घेऊन आवाज खाली आणा आणि विचारा, ‘पण काही म्हणा, रक्ताचं ते रक्ताचंच ना हो?’ पाहुण्यांना यातला विनोद कळणार नाही. डलहौसीला कळला असता.

या परंपरेत घ्यायचा तो मुलगा, शक्यतो भावकीतला, आणि कारण गादी नाहीतर श्राद्ध. मुलगी दत्तक घ्यायची सोय हिंदू कायद्यात आली ती १९५६ साली. आणि ही माणसं नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन निघाली आहेत. ना गादी, ना पिंडदान. म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. ‘किडनी’ हा शब्द इथं हळूच सोडावा. व्याडेश्वराच्या देवळात सकाळी सोडला तर दुपारच्या जेवणापर्यंत असगोलीला पोचतो.

किडनीवर विश्वास बसत नसेल, तर उलट टोक गाठा. ‘केवढं पुण्य केलंत हो! पोरांचं नशीब उघडलं!’ हे पोरांसमोर म्हणायचं, आणि पोरांना वर सांगायचं, ‘उपकार विसरू नका हं यांचे.’ सहा वर्षांच्या मुलाने आईबापांचे उपकार मानत जेवावं, ही अपेक्षा आपण आपल्या नातवाकडून केली तर सूनबाई दुसऱ्या दिवशी माहेरी जाईल. पण ते वेगळं.

आता कळीचा प्रश्न. आपल्या देशाची लेकरं परदेशात का पाठवतात? हे विचारताना गळा दाटून यायला हवा. उत्तर मात्र ऐकू नका, ते गैरसोयीचं आहे. दत्तकाला मोकळं झालेलं प्रत्येक मूल ‘कारा’च्या यादीवर येतं. कारा म्हणजे दिल्लीचं केंद्रीय दत्तक प्राधिकरण. मूल आधी भारतात राहणाऱ्या आणि परदेशातल्या भारतीय पालकांसमोर ठेवलं जातं. ठरलेल्या मुदतीत कोणी पुढे आलं नाही, तरच त्याचा कागद परक्या देशातल्या परक्या माणसाकडे जातो. २००३ मध्ये भारताने परदेशी दत्तकासाठीच्या आंतरराष्ट्रीय हेग करारावर शिक्कामोर्तब केलं, त्यातही हाच क्रम आहे: आधी आपला देश, मग बाहेरचा. २०२४-२५ साली देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच राहिली. बाहेर गेली ती उरलेली.

ती उरली का? देशात मूल हवं असलेल्या घरांची रांग तीस हजारांच्या वर आहे आणि काही वर्षं थांबावं लागतं. मग एवढ्या रांगेतून ही दोघं भावंडं कोणालाच कशी दिसली नाहीत? अर्जात चौकोन असतात: वय, मुलगा की मुलगी, तब्येत, एकटं की भावंडं. रांग सगळी लागलीय ती दोन वर्षांच्या आतल्या, धडधाकट, एकट्या बाळासाठी. पेटीतला हापूस आपण देठाशी हुंगून, डाग बघून, दाबून घेतो, तसंच. नऊ वर्षांची मुलगी, तिला सोडून न झोपणारा भाऊ, त्यात त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. भावंडं तोडायची नाहीत, असा नियम. एवढे डाग असलेला आंबा आपण कॅनिंगला देतो. इटलीतल्या त्या दोघांनी मात्र नेमक्या त्याच चौकोनांत खुणा केल्या. तुमचा भाचा चार वर्षांपासून त्या रांगेत आहे ना? त्याने कुठल्या चौकोनात खूण केली, हे त्याला विचारू नका. घरातली माणसं दुखावतात.

तुम्ही फक्त म्हणा, ‘आपल्याकडे काय घरं नव्हती?’

कागदपत्रांबाबत मदत करायची असेल तर ‘ओळख आहे आपली वरपर्यंत’ एवढं म्हणून सोडून द्या. ही माणसं कागदांत आधीच गळ्याइतकी बुडालेली असतात. त्यांच्याकडे आधी बालन्यायालय ठरवतं की हे दोघं मूल वाढवायला लायक आहेत की नाहीत. समाजसेवक घरी येऊन बसतात, मानसतज्ज्ञ खोदून खोदून विचारतात: तुमचं भांडण कशावरून होतं, मूल ऐकेना झालं तर काय कराल. पोरं घरी नेल्यावरही पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी भारताला अहवाल पाठवायचा. मूल होऊ द्यायला आपल्याकडे एवढी चौकशी लावली असती तर निम्मं गाव जन्माला आलं नसतं. (माझ्या आळीत तर कोणीच नाही.) तरीही त्यांना सल्ला द्यायला कचरू नका. पोर रात्री दचकून उठतं म्हणाले, तर दृष्ट काढा. ताटातलं खिशात लपवून ठेवतं म्हणाले, तर दोन धपाटे सुचवा.

फोटो घ्यायचा राहिला. पोरांना मध्ये उभं करा, मागे समुद्र येऊ द्या, आणि ‘अनाथ मुलांना मिळाले आईबाबा, अभिमानास्पद’ अशा ओळीसह ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर टाका. मुंबईच्या चाकरमान्यांनी हात जोडले की पोरांनाही दाखवा. त्यांनाही कळू दे आपण कोण ते.

दुःखाचा विषय काढायचाच, तर भाषेचा काढा. ‘पोरं मराठी विसरणार हो!’ हे म्हणायला दुपारी बारा-सव्वाबाराची वेळ टाळा, कारण तेव्हा इंग्रजी माध्यमाची पिवळी बस तुमच्या नातवाला दारात सोडते आणि तो ‘आजी, आय डोंट वॉंट भाकरी’ म्हणत आत येतो. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किती पोरं उरली, हा विषय पाहुण्यांपुढे काढायचा नसतो. ती नऊ वर्षांची बाय मात्र परवा वाळूत बसून बापाला मुळाक्षरं शिकवत होती. ‘ठ’ला बाप अडकला आणि तिने त्याला परत ‘ट’पासून म्हणायला लावलं. हे काही बातमी देण्यासारखं नाही, ग्रुपवर टाकू नका.

पासपोर्ट आला की ते निघतील. सकाळी गाडीपाशी हजर राहा. डोळे पुसा. ‘आपल्या मातीतली लेकरं परक्या मुलखात चालली’ एवढं गाडीच्या काचेला ऐकू जाईल असं म्हणा. दोन नारळ आणि कोकमाची पिशवी द्या, आणि पिशवीतच आपल्या थोरल्याचा बायोडाटा सरकवा. धाकटा दुबईला लागला तेव्हा पेढे वाटले होतेत, आता थोरल्याचं व्हायला हवं. मिलानला जागा नसेल तर जर्मनीही चालेल, पण कायमचं राहायची सोय हवी, हे खाली पेनाने लिहून ठेवा.