‘कोकणात एडिटिंगचं मशीन दोन पावसाळे काढत नाही’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. ‘कोकणातल्या एडिटर बंधूंनो’ अशी त्याची सुरुवात आहे. त्यात म्हटलंय की टाइमलाइन (एडिटिंगची क्लिप लावायची पट्टी) अडकत असेल तर मोठं ग्राफिक्स कार्ड घ्या. आवाज मागेपुढे होत असेल तर रॅम ६४ जीबी करा. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. एसी लावा म्हणजे गंज थांबेल. घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएसवर पैसे घालवू नका. आणि एवढं करूनही खाऱ्या हवेत मशीन दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त टिकत नाही, तेव्हा एडिटिंग मुंबईला पाठवलेलं बरं.

मी वेंगुर्ल्यात राहतो. लग्नं, दशावतार आणि डबलबारीचं (दोन भजनीबुवांच्या सामन्याचं) शूटिंग एडिट करून माझं घर चालतं. हा मेसेज वाचून पोरं कर्ज काढून नको ते सामान आणतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ग्राफिक्स कार्ड. टाइमलाइन अडकली की पहिला संशय कार्डावर घेतात, पण आज कॅमेरा आणि मोबाईल जे एच.२६५ या दाबून लहान केलेल्या प्रकारचं फुटेज देतात त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, मग पुढच्या बऱ्याच फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. तुम्ही मध्येच कुठे क्लिक केलंत की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं. ते उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचा मुख्य भाग करत नाही. त्यासाठी चिपवर वेगळा छोटा विभाग असतो, आणि त्याला ठराविक प्रकारचंच फुटेज समजतं. नव्या कॅमेऱ्यांतलं १०-बिट फोर-टू-टू (रंगाची जास्त माहिती साठवणारं) एच.२६५ एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या सर्वांत महागड्या कार्डालासुद्धा हार्डवेअरवर उलगडता येत नाही. ती सोय ५० मालिकेत आली. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या साध्या अंगभूत ग्राफिक्सला ते जमतं. दुकानदार मात्र स्वस्त पडतो म्हणून ‘एफ’वाला प्रोसेसर गळ्यात मारतात. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ या दोघांत फरक एवढाच, की ‘एफ’मध्ये ते अंगभूत ग्राफिक्स चालू नसतं. थोडे पैसे वाचवताना नेमका कामाचा भाग हातचा जातो.

म्हणून खर्चाआधी एक करा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्स) निवडा आणि अडकणारी क्लिप चालवा. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा वेगळा आलेख असतो. तो सपाट आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर तुमचं फुटेज प्रोसेसर एकटा ओढतोय. अशा वेळी प्रॉक्सी करा, म्हणजे एडिटिंगपुरती फुटेजची हलकी प्रत बनवा. प्रीमियर आणि दाविंची या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. रात्री प्रॉक्सी लावून झोपलात की सकाळी आहे त्याच मशीनवर कात्री सरसर चालते. देवगडच्या एका मुलाने कर्ज काढून कार्ड घेतलं आणि अडकणं होतं तसंच राहिलं. त्याचा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण त्याचं काम प्रॉक्सीवर भागणारं होतं.

रॅमचं थोडक्यात सांगतो. ८ जीबीवर फोर-के करू नका, १६वर निभतं, ३२ असेल तर निवांत. आणि घ्याल ती दोन सारख्या पट्ट्यांत घ्या.

आवाज मागेपुढे होण्याशी मात्र रॅमचा काही संबंध नाही. गेल्या वर्षी एका भजनमंडळाच्या मुलाचा फोन आला, ‘दादा, आवाज आधी येता आणि बुवांचा तोंड मागसून हलता.’ मी फुटेज मागवून घेतलं. पहिल्या गजराला पखवाजावरची थाप आणि आवाज बरोबर जुळत होते. तासाभराने हात अजून वर असतानाच थाप ऐकू येत होती. हे सगळं मोबाईलवर शूट केलेलं होतं. मोबाईल सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की २९, २८, पुन्हा ३० असं चालतं. एडिटिंग सॉफ्टवेअर एकच वेग धरून चालतं आणि दर मिनिटाला थोडी थोडी चूक साठत जाते. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका. त्या मुलाचं मशीन १६ जीबीचंच आहे आणि त्याची डबलबारी आता शेवटपर्यंत जुळते.

प्लॅस्टिकचा सल्ला सर्वांत घातक आहे. समुद्राच्या हवेतलं मीठ पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसतं. कोरडं असताना ते फारसं काही करत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. आपल्याकडे मिरगापासून पुढे तीन-चार महिने हवा बहुतेक वेळ त्याहून ओली असते. चालू मशीन स्वतःच्या उबेने आतली हवा कोरडी ठेवतं. बंद मशीनला तो आधार नसतो, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलंत तर ओल आतच कोंडते. गणपतीच्या तोंडावर उघडलेलं असं एक मशीन मी पाहिलंय. यूएसबीच्या सॉकेटभोवती हिरवट पूड होती, स्क्रू गंजून बसले होते, आणि पिशवीला आतून घाम आलेला.

काम नसलं तरी पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालवा. मिरगाआधी झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढा, कारण मीठ त्या धुळीतच अडकून राहतं. कॅबिनेट खिडकीपासून लांब आणि जमिनीपासून हातभर वर ठेवा. बरेच दिवस वीज येणारच नसेल, तरच हवाबंद गुंडाळी करा, तीही कोरड्या मशीनची आणि आत भरपूर सिलिका जेल टाकून. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा वेळी हाच मार्ग उरतो.

एसी हवा कोरडी करतो हे खरं आहे. पण थोडा वेळ लावून बंद केलात आणि खिडकी उघडलीत तर उलटंच होतं. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. २२ अंशांवर थंड झालेलं बंद कॅबिनेट म्हणजे फ्रीजमधून काढलेली बाटलीच. एसी लावायचा तर खोली बंद ठेवा, आणि तो थांबवल्यावरही मशीन आणखी थोडा वेळ चालू राहू द्या.

आता इन्व्हर्टर. मशीनमधला चांगला पॉवर सप्लाय वीज गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टरला बदली करायला अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) ८० टक्क्यांवर असताना मशीन रीस्टार्ट होतं. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते चालू करा, इन्व्हर्टर साइन वेव्हचाच असू द्या, आणि तरीही मशीनपुढे एक छोटा यूपीएस ठेवा. पाच मिनिटं मिळाली तरी प्रोजेक्ट सेव्ह करून नीट बंद करता येतं. सोबत अर्थिंग तपासून घ्या. आपला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होतो आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. ढग गडगडले की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. माझा एक मदरबोर्ड त्या केबलवाटेच गेला, तेव्हा विजेचा प्लग काढलेला होता.

राहिलं मुंबईला काम पाठवणं. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलेलं फुटेज तासाला ४५ जीबी होतं. तीन कॅमेरे आणि चार तासांची डबलबारी म्हणजे ५४० जीबी. आपल्या गावातल्या इंटरनेटवरून ते चढवायला किती दिवस लागतील हे ज्याने त्याने पाहावं. आणि चढवलं तरी बुवांनी समोरच्याला कोपरखळी मारली की कॅमेरा कुठल्या चेहऱ्यावर न्यायचा, हे दोन्ही बुवांना वर्षानुवर्षं ऐकलेल्यालाच कळतं. माझं सध्याचं मशीन २०१९चं आहे. तो मदरबोर्ड आणि दोन पंखे सोडले तर सगळं मूळचंच आहे, आणि परवाच्या लग्नाचं एक्स्पोर्ट हे लिहिताना त्याच्यावरच चालू आहे.